रवा लावलेली सुरमई: रवा सुटतो कुठे आणि का

प्रश्न असा आहे: सुरमईच्या तुकड्यांना आगळ (कोकमाचा खारा, आंबट रस) आणि मसाला लावून, रव्यात घोळवून नॉनस्टिक तव्यावर तळल्या की अर्धा रवा तव्यालाच चिकटून राहतो, उरलेला पाच मिनिटांत मऊ पडतो आणि वर काळे ठिपके दिसतात. तेल वाढवून पाहिलं, रवा जाड लावून पाहिला, तरी फरक नाही. नेमकं काय चुकतंय?

या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असतं. मासा धुतल्यावर अंगावर राहिलेलं पाणी, मीठ लावल्यावर सुटलेलं पाणी, सैल वाटणातलं पाणी. ओलसर मसाल्याचा पातळ थर हा मासा आणि रवा यांच्यामधला डिंक असतो. या थराखाली मोकळं पाणी असलं की तव्यावर त्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते आणि जाताना आवरण माशापासून उचलते. शिवाय पाणी प्यायलेला रवा तळला जाण्याऐवजी आधी शिजतो. त्याचा लगदा होतो आणि तो तव्याला धरतो. अशा वेळी रवा आणखी लावला तर लगदा वाढतो, म्हणून जाड थराचा उपयोग झाला नाही.

सुरुवात बाजारातच होते. रवा फ्रायसाठी सुरमईची तुकडी साधारण दीड सेंटिमीटर जाड हवी. मासे कापून देणाऱ्या मावशींना ‘कालवणाला नको, तळायला हव्यात’ एवढं सांगितलं की पुरतं, पण आकडा ठाऊक असलेला बरा. एक सेंटिमीटरच्या आतली तुकडी रवा लाल होईपर्यंत कोरडी पडते. दोन सेंटिमीटरच्या वरची तुकडी बाहेरून झाली तरी मधल्या काट्याशी कच्ची राहते. सगळ्या तुकड्या एकसारख्या जाडीच्या असणं तर त्याहून महत्त्वाचं, कारण एका तव्यावर दोन जाडीच्या तुकड्या ठेवल्या की एक नक्की बिघडते. शेपटाकडच्या बारीक तुकड्या वेगळ्या काढून शेवटच्या खेपेला तळा.

घरी आणल्यावर तुकड्या वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा. मधल्या काट्याला चिकटलेलं काळपट रक्त आणि पोटाच्या आतला काळा पापुद्रा बोटानं खरवडून काढा. बराचसा कडवटपणा आणि उग्र वास तिथूनच येतो. त्यानंतर पाण्यात भिजत ठेवू नका. चाळणीत दहा मिनिटं निथळल्या की स्वच्छ सुती फडक्यानं किंवा कागदी टॉवेलनं प्रत्येक तुकडी दोन्ही बाजूंनी टिपून घ्या. हे टिपणं बहुतेक घरांत वगळलं जातं. फडकं ओलं झालं तर बदला, पण तुकडी हाताला कोरडी लागली पाहिजे.

आता मसाला दोन हातांत, म्हणजे एकावर एक अशा दोन थरांत लावायचा. अर्धा किलो तुकड्यांना (चार-पाच भरतात) आधी एक सपाट छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा हळद आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळा. आगळ वापरणार असाल तर लिंबू नको. एक मोठा चमचा आगळ घ्या आणि मीठ निम्म्यावर आणा, कारण आगळात मीठ असतंच. ताटलीत पंधरा मिनिटं ठेवा, ताटली एका बाजूनं किंचित उचललेली असू द्या. मीठ माशातलं पाणी ओढून काढतं आणि ते खालच्या बाजूला साठतं. हे पाणी ओतून टाका. त्याच्यासोबत वासही जातो. बहुतेक जण मीठ, आंबट, वाटण, तिखट सगळं एकदम लावतात. मग सुटलेलं पाणी मसाल्यात मिसळतं, मसाला सैल होतो आणि रवा त्या पाण्यावर तरंगत बसतो. तुमच्या तुकड्यांचं बहुधा हेच होतंय.

आंबटाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नका. आम्लानं माशाची प्रथिनं आच न लागताच घट्ट होतात. तुकडीची कड पांढरट दिसू लागली की समजा वेळ उलटून गेली. तिथलं मांस तळल्यावर भुसभुशीत लागतं. रात्रभर मुरवणं मटणाला ठीक आहे. माशाचे स्नायू आखूड आणि नाजूक असतात, त्यांना मुरण्याची तेवढी गरज नाही.

दुसऱ्या हाताला एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण, दोन छोटे चमचे लाल तिखट आणि आवडत असेल तर एक छोटा चमचा मालवणी मसाला. यात पाणी अजिबात घालायचं नाही. वाटण मिक्सरमध्ये फिरत नसेल तर पाण्याऐवजी चमचाभर तेल घाला. लसूण अगदी बारीक वाटला गेला पाहिजे. जाडसर राहिलेला लसणाचा कण रव्यातून डोकं वर काढतो, माशाच्या आधी जळतो आणि कडू लागतो. हिरवं वाटण (कोथिंबीर, मिरची, आलं, लसूण) करणाऱ्यांनी ते फडक्यातून किंवा गाळणीतून थोडं दाबून घ्यावं, कोथिंबीर बरंच पाणी सोडते. मसाल्याचा थर असा हवा की बोट फिरवल्यावर तुकडी खालून दिसते. जाड लिंपलेला मसाला आत कच्चा राहतो आणि रव्यासकट पापुद्र्यासारखा निघून येतो.

काळे ठिपके येतात ते मुख्यतः रव्यात मिसळलेल्या तिखटामुळे. कोरड्या आवरणातलं तिखट थेट गरम तेलात पडतं आणि रवा सोनेरी व्हायच्या आत काळं होतं. तिखट ओल्या मसाल्यात ठेवा, रव्याखाली ते झाकलेलं राहतं. रंग हवा असेल तर बेडगी किंवा काश्मिरी मिरची मसाल्यात वाढवा. रव्यात फक्त चिमूटभर मीठ पुरे.

रव्याबद्दल जरा सविस्तर. बारीक रवा घ्यायचा, तोही न भाजलेला. उपम्यासाठी भाजून ठेवलेला रवा वापरला की दोन अडचणी येतात: तो ओलसर मसाल्याला नीट धरत नाही, आणि आधीच रंग घेतलेला असल्यानं तेलात लवकर करपतो. जाड रवा दाताखाली खड्यासारखा लागतो. इडली रवा तांदळाचा असतो, तो इथे कामाचा नाही. बारीक रवा पाऊण वाटी आणि तांदळाचं पीठ पाव वाटी, म्हणजे तीनास एक, हे प्रमाण सुरमईला चांगलं बसतं. नुसता रवा दाणेदार कुरकुरीत होतो, पण दाण्यांमध्ये फटी राहतात. तांदळाचं पीठ त्या फटी भरतं. त्यात ग्लूटेन नसल्यामुळे ते चिवट न होता खुसखुशीत राहतं. नुसतं तांदळाचं पीठ लावलं तर आवरण गुळगुळीत आणि पातळ होतं. तेही चांगलंच लागतं, पण वेगळं. बेसन नको, भज्याची चव येते. मैद्याचं आवरण गार झाल्यावर चामट होतं.

घोळवण्यासाठी परात किंवा पसरट ताट घ्या. तुकडी रव्यावर ठेवा, वरून रवा घाला, तळहातानं हलकेच दाबा, उलटा, पुन्हा दाबा. कडाही रव्यात फिरवा. कडेला रवा नसेल तर आवरण तिथूनच सुटायला लागतं. मग तुकडी उचलून झटका. हातात धरून दोनदा झटकल्यावर जो रवा पडतो तो तेलात पडणारच होता, आणि तिथे जळून पुढच्या खेपेच्या तुकड्यांना काळा करणार होता.

घोळवलेल्या तुकड्या एका थरात, एकमेकींना न टेकवता, सात-आठ मिनिटं ठेवा. एवढ्या वेळात रव्याचा आतला थर मसाल्यातला ओलावा घेऊन पकडतो आणि बाहेरचा कोरडा राहतो. लगेच तळलात तर पकड कच्ची असते. अर्धा तास ठेवलात तर ओलावा बाहेरपर्यंत येतो आणि पुन्हा लगदा होतो. पाहुणे येणार म्हणून तासभर आधी रवा लावून ठेवणं इथेच अंगाशी येतं. आधी करून ठेवायचंच असेल तर आंबट वगळून मसाल्यापर्यंत करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि रवा तळायच्या वेळी लावा. ठिपकेदार ओले डाग दिसले तर तेवढ्यापुरता वरून कोरडा रवा दाबा.

तवा जाड बुडाचा असावा. बिडाचा तवा सगळ्यात उत्तम, कारण गार तुकडी ठेवली तरी त्याचं तापमान पटकन उतरत नाही. पातळ नॉनस्टिकवर चार तुकड्या एकदम ठेवल्या की तेल थंड पडतं. थंड तेलात रवा तळला न जाता तेल पीत राहतो. तुमच्याकडे नॉनस्टिकच असेल तर एका वेळी दोनच तुकड्या घ्या आणि तो रिकामा मोठ्या आचेवर तापवत ठेवू नका. बिडाच्या तव्यावर मासा चिकटत असेल तर त्याला तेलाचं मुरवण कमी पडलंय किंवा तो पुरेसा तापलेला नाही. तळून झाल्यावर मासा बिडाच्या किंवा लोखंडी तव्यातच ठेवून देऊ नका, आंबटामुळे लोखंडाचा वास लागतो.

तेल किती, यावर घराघरांत वाद असतात. चमचाभर तेलात रवा सगळीकडे सारखा भाजला जात नाही. जिथे तेल पोचत नाही तिथे तो पांढरा आणि कच्चा राहतो. २४ सेंटिमीटरच्या सपाट तव्याला चार मोठे चमचे, म्हणजे ६० मिलिलिटरच्या आसपास लागतं. तुकड्या ठेवल्यावर तेल त्यांच्या कडेला तीनेक मिलिमीटर चढलेलं दिसावं. नीट तापलेल्या तेलात तुकडी जितकं पिते त्यापेक्षा कोमट तेलात जास्त पिते, म्हणून कमी तेलकट हवं असेल तर तेलाची धार आखडण्यापेक्षा आच सांभाळा. शेंगदाण्याचं तेल किंवा कुठलंही रिफाइंड तेल चालेल. खोबरेल तेलात बांगडा आणि तारली फार छान लागतात, पण घाण्याचं खोबरेल लवकर धुरावतं, तिथे आच मध्यमच्या खाली ठेवा.

तेल १७० ते १८० अंश सेल्सियस हवं. थर्मामीटर नसेल तर रव्याचे चार दाणे टाका. ते लगेच फसफसून वर आले आणि पंधरा-वीस सेकंद सोनेरीच राहिले, तर तेल तयार आहे. तळाशी बसून राहिले तर थांबा. टाकताक्षणी लाल झाले तर आच कमी करून मिनिटभर जाऊ द्या. तुकडी ठेवताना आपल्यापासून दूरच्या बाजूला सोडा, म्हणजे तेल अंगावर उडत नाही.

यापुढचं मुख्य काम म्हणजे हात आवरणं. तुकडी ठेवली की पहिली तीन मिनिटं तिला हलवू नका, दाबू नका, खालून डोकावून पाहू नका. सुरुवातीला रवा तव्याला धरतोच. त्यातलं पाणी उडून तो कडक झाला की आपोआप सोडतो. कालथा कडेनं सरकवल्यावर तुकडी जागची हलली तर उलटा. अडली तर अजून अर्धा मिनिट द्या. अडलेली तुकडी ओढून काढली की रवा तव्यावर राहतो, ही तुमच्या पहिल्या तक्रारीची दुसरी बाजू. कान देऊन ऐकलं तर आवाजही सांगतो: आधी चरचर मोठी आणि ओली असते, पाणी कमी झालं की ती बारीक आणि कोरडी होते. पहिल्या बाजूला तीन ते चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला तीन. एकदाच उलटायचं. पुन्हापुन्हा उलटलेल्या तुकडीचं आवरण मधूनच फाटतं.

झालं की नाही हे मधल्या काट्यापाशी पाहा. सुरीचं टोक तिथे घालून किंचित उचकटलं की मांस पाकळीसारखं सुटायला हवं आणि काचेसारखा पारदर्शक भाग दिसता कामा नये. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश पुरे. त्यापुढे फार गेलं की सुरमई कापसासारखी कोरडी होते. या माशात मुळात चरबी बेताची, म्हणून तिला जास्त तळण्याची शिक्षा लगेच मिळते.

मऊ पडण्याची तक्रार आता उरली. तळलेल्या तुकड्या ताटात एकावर एक ठेवल्या किंवा वर झाकण घातलं, की आतली वाफ आवरणातच जिरते. कागदावर ठेवलं तरी खालची बाजू ओली होते, तिथे मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू नका. तारेच्या जाळीवर, खालून हवा लागेल अशा मोकळ्या ठेवा. दोन-तीन खेपा असतील तर ओव्हन १०० अंशांवर लावून जाळीवर ठेवता येतात. झाकून ठेवून ‘गरम’ राखलेला मासा दहा मिनिटांत उकडल्यासारखा होतो. प्रत्येक खेपेनंतर तेलातला पडलेला रवा झाऱ्यानं किंवा गाळणीनं काढा. तिसऱ्या खेपेचे तुकडे नेहमी काळसर का होतात, त्याचं उत्तर तळाशी साठलेल्या या चुऱ्यात असतं.

हीच पद्धत दुसऱ्या माशांना लावताना थोडे बदल होतात. अख्खं पापलेट, साधारण पाव किलोचं, दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तिरप्या तीन खाचा देऊन मसाला आत भरा आणि मध्यम आचेवर प्रत्येक बाजू पाच-सहा मिनिटं तळा. मांदेली अख्खीच, डोकं काढून, प्रत्येक बाजूला दोन मिनिटं. तिला रवा थोडा, तांदळाचं पीठ जास्त.

बांगडा तेलकट असतो, त्यामुळे कोरडा पडण्याची भीती कमी, पण ताजेपणाबाबत त्याच्याइतका हट्ट दुसऱ्या माशाचा नाही. बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना) या जातीचे मासे उन्हात किंवा बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामीन नावाचं रसायन तयार होतं. ते तळून किंवा उकळून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, अंगाला खाज, डोकं दुखणं अशी लक्षणं दिसतात आणि लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि अंग दाबल्यावर खळगा न राहणारा बांगडा घ्या, घरी येईपर्यंत बर्फात ठेवा. गोव्याकडचा रेशाद मसाला भरून तळणार असाल तर त्यात व्हिनेगरसोबत थोडी साखर असते, ती लवकर करपते. तिथे आच कमी आणि वेळ जास्त.

बोंबील हा वेगळाच विषय आहे. ताज्या बोंबलात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून वर सांगितलेलं टिपून घेणं त्याला पुरत नाही. डोकं, शेपूट, कल्ले काढून पोटाच्या बाजूनं उभा चिरा, पुस्तकासारखा उघडा आणि मधला काटा काढा किंवा तसाच ठेवा, तो मऊ असतो. थोडं मीठ लावून सुती फडक्याच्या दोन घड्यांमध्ये एका थरात पसरा, वर पोळपाट आणि त्यावर पाटा किंवा पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवा. अर्ध्या तासानं फडकं बदला, आणखी अर्धा तास दाबा. घाईत हे टाळलं तर तव्यावर बोंबील आक्रसतो, पाणी सोडतो आणि आवरण त्या पाण्यात विरघळतं. दाबलेल्या बोंबलाला मसाला अगदी पातळ, मग तांदळाचं पीठ आणि रवा निम्मे निम्मे. प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटं, कालथा रुंद घ्या, नाहीतर उलटताना मधून तुटतो.

रव्याऐवजी ब्रेडचा चुरा वापरायचा असेल तर क्रम बदलतो. चुरा ओल्या मसाल्याला नीट धरत नाही, त्याला अंड्याचा थर लागतो: मसाला लावलेल्या तुकडीवर मैद्याचा किंवा तांदळाच्या पिठाचा हलका हात, मग फेटलेलं अंडं, मग चुरा. कोरडं पीठ अंड्याला धरतं, अंडं चुऱ्याला, आणि अंडं शिजून घट्ट झालं की सगळं एकत्र बसतं. ब्रेड आधीच भाजलेला असल्यानं आणि त्यात साखर असल्यानं चुरा रव्यापेक्षा लवकर लाल होतो. तेल १६५-१७० अंशांवर ठेवा आणि काटे नसलेले, सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे घ्या. काट्याच्या जाड तुकडीला ब्रेडचा चुरा लावू नये, आत मासा होईपर्यंत बाहेर काळं होतं.

परदेशात किंवा पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत गोठवलेली सुरमई मिळते. ती रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीत ठेवून वितळवा, खाली भांडं ठेवा. गरम पाण्यात वितळवलेल्या तुकडीतून रस निघून जातो आणि पृष्ठभाग सैल होतो. गोठवलेल्या माशाला टिपायला दुप्पट फडकी लागतात, आणि मीठ लावल्यावर सुटणारं पाणीही जास्त असतं. पहिल्या हाताला पंधराऐवजी वीस मिनिटं द्या आणि पुन्हा एकदा टिपूनच मसाला लावा. बासासारखा पाणीदार मासा याच कारणानं रव्याला साथ देत नाही. घ्यावाच लागला तर बोंबलासारखा दाबून घ्या.

एअर फ्रायरमध्ये रवा कोरडा आणि पांढुरका राहतो, कारण त्याला लाल व्हायला तेल लागतं. रव्यातच दोन छोटे चमचे तेल चोळून मग घोळवलं आणि २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवलं तर बरा होतो. तव्याची सर मात्र येत नाही.

उरलेल्या तुकड्या दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्या तर मऊच होणार. कोरड्या तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं द्या, झाकण नको. घोळवून उरलेला रवा डब्यात परत टाकू नका. त्याला कच्च्या माशाचा ओलावा लागलेला असतो, तो टाकूनच द्यायचा.